डावखुरा टाका

७ जानेवारी

तळघरवाल्या,

परवा लिफ्टमध्ये एका नव्या डॉक्टरने मला विचारलं, "तळघरवाले सर सुट्टीवर आहेत का?" म्हणजे तू जाऊन दोन वर्षं होत आली तरी तुझं नाव अजून इथेच नांदतंय. मी म्हटलं, "हो, जरा लांबच्या." उगाच त्याला काय सांगत बसू, की तुमचे सर इथून रेल्वेने एक रात्र लांब राहतात, सात हॉस्पिटलांतून आलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली वाचतात, आणि त्यातले आपल्या बायकोने कापलेले कुठले हे कळू नये म्हणून बायकोला भेटतसुद्धा नाहीत. त्याने मला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

पत्राची प्रत नेहमीप्रमाणे मोजपट्टीबाईंकडे जाते आहे. ट्रायलवर देखरेख करणाऱ्या बाईने नवरा-बायकोची पत्रं वाचावीत, ही कमिटीची अट ऐकून तुझी आई म्हणाली होती, "आमच्या वेळी सासू वाचायची. तेवढाच फरक." बाई, तुम्ही हे वाचत असालच, तर नमस्कार. तुमचा खोकला बरा असेल अशी आशा आहे.

अट तशी वाईट नाही. फोनवर आपलं जमलंच नसतं. माझ्या नुसत्या "हॅलो"वरून तुला कळतं ऑपरेशन कसं झालं, आणि तुझ्या गप्प बसण्यावरून मला कळतं तुला कॅन्सर सापडला की नाही. कागदावर निदान थापा मारता येतात.

नमुन्यांबद्दल लिहायचं नाही, पण यंत्रांबद्दल लिहायला कुणाची हरकत नाही. तेव्हा ऐक. यंदाची तपासणी झाली. बाईंनी तो ठोकळा स्वतः मांडीवर घेऊन साती हॉस्पिटलांत फिरवला. तोच, तळहाताएवढा, नऊ खळग्यांचा. प्रत्येक खळग्यात चमकणारं औषध ठरलेल्या मापाचं, पेशंटला टोचतो तेच, उरलासुरला कॅन्सर कॅमेऱ्यात पेटवणारं. पहिल्या वर्षी काय तमाशा झाला होता, आठवतं? एकच खळगा आमच्या कॅमेऱ्यात दिव्यासारखा पेटला आणि दुसऱ्या हॉस्पिटलात काळा ठिक्कर. तिसरीकडे ऑपरेशन थिएटरचे दिवे मालवलेच नव्हते. चौथीकडे कॅमेरा ठोकळ्याच्या इतका जवळ, की झुरळही चमकलं असतं. आणि तो मिशीवाला सर्जन छाती फुगवून सांगत होता, "मला मोजमाप लागत नाही, माझ्या डोळ्याला कळतं." मी म्हटलं, "तुमचा डोळा बाकीच्या सहा ठिकाणी पाठवता येत नाही हो." त्यानंतर तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही, आणि माझं वर्ष छान गेलं.

यंदा साती ठिकाणी तोच खळगा जवळजवळ तेवढाच चमकला. औषध तेवढंच, अंतर तेवढंच, अंधार तेवढाच. मी तिथल्या तिथे रडले असते, पण मास्क लावल्यावर नाक पुसता येत नाही. एका गावच्या बाईचा स्तन दुसऱ्या गावच्या बाईपेक्षा जास्त कापला जावा, का, तर तिथल्या कॅमेऱ्याचा कान कुणीतरी जास्त पिळून ठेवलाय, एवढं एकच मला बंद करायचं होतं. ते बंद होतंय. हे सांगायला मला तू हवा होतास. तू "हं" म्हणाला असतास. तुझं ते "हं" हवं होतं.

आईंची तब्येत बरी आहे. रोज विचारतात, कधी येणार. मी सांगते, नियम आहे, ट्रायल संपली की येईल.

उत्तर लिही. हवामान सोडून काहीही चालेल.

तुझी,
वरच्या मजल्यावरची


२ फेब्रुवारी

तळघरवाल्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "इथे थंडी आहे. आईची गोळी बदलली का?" गोळी बदलली. थंडी इथेही आहे.

आईंनी तुझं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाल्या, "याच्या बापाचं बरं होतं. तो लिहीतच नव्हता." मग कार्ड चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं.

माझी धाकटी सर्जन आता चांगली तयार झाली आहे. हात हलका, बोलणं त्याहून हलकं, काहीही मनावर घेत नाही. मी तिला शिकवते आहे की ट्यूमर काढून झाला, साध्या उजेडात सगळं साफ दिसलं, की मोठ्याने "झालं" म्हणायचं. सिस्टरांनी ते लिहून घेतलं की मगच दिवे मालवायचे आणि कॅमेरा लावायचा. आधी "झालं", मग कॅमेरा. नाहीतर माणूस मनातल्या मनात म्हणतो, कॅमेरा आहेच की, आणि हात आधीच सैल पडतो. मग जिथे चमकेल तिथला एक तुकडा घ्यायचा, आणि जिथे काहीच चमकत नाही तिथलाही एक. दोन्ही सारख्या डब्यात, सारख्या शाईने रंगवून, नुसता नंबर घालून तुझ्याकडे. तू सांगायचं, यात कॅन्सर आहे की नाही. कुठला चमकला होता ते तुला माहीत नसणार. कॅमेऱ्याची अब्रू शेवटी तुझ्या हातात.

ती म्हणाली, "मॅडम, 'झालं' म्हणताना भीती वाटते. नंतर चमकलं तर आपणच तोंडघशी पडतो." मी म्हटलं, "त्यासाठीच पगार मिळतो."

घरी तुझ्या बाजूच्या उशीवर मी आता मासिकं ठेवते. म्हणजे ती जागा रिकामी दिसत नाही, अव्यवस्थित दिसते. अव्यवस्थित मला चालतं.

तुझी,
वरच्या मजल्यावरची


१९ मार्च

तळघरवाल्या,

आज धाकटीने विचारलं, "वाचकाला इतकं लांब का ठेवलंय? तो काय चोर आहे?" मी तिला जे घडलं ते सांगितलं. नाव न घेता सांगितलं, पण ती काही दुधखुळी नाही.

मी सांगितलं, की एका हॉस्पिटलात एक उत्तम वाचक होता. त्याच्या इतका चांगला मी पाहिलेला नाही. सर्जन वर कापायची, तो खाली वाचायचा, आणि वरून निरोप यायचा, "हा चमकलाय, नीट बघा." तो बघायचा. पुढे सर्जनला शंका आली, की "चमकलाय" म्हटल्यावर तो जरा जास्तच बघतो का? तेव्हा तिने तेच तुकडे नवे नंबर घालून, निरोपाशिवाय, पुन्हा खाली पाठवले. त्याला न सांगता. काही उत्तरं बदलली. तिने ती कमिटीपुढे पडद्यावर मांडली, "वाचक क्रमांक एक" म्हणून. वाचक क्रमांक एक तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

धाकटी म्हणाली, "बाप रे, मॅडम."

मी बरोबर होते. तेव्हाही होते, आजही आहे. तुला आधी सांगितलं असतं तर ती चाचणीच राहिली नसती, हे तुलाही माहीत आहे. जगातला कुठलाही वाचक तसाच वागला असता, आणि म्हणून तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधायची असं ठरलं. तू घरी येऊन फक्त विचारलंस, "कितवे नमुने होते?" मी सांगितलं. तू मान हलवलीस आणि आईंच्या खोलीतला बल्ब बदलायला गेलास.

भांडला असतास तर बरं झालं असतं. भांडण मला येतं. तू भांडला नाहीस, आणि कमिटीने लांबच्या शहरात वाचक हवा म्हटल्यावर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर केलास. तू तो हात कामासाठी वर केलास, की माझ्यापासून सुटायला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. निघताना मी जे बोलले, की "तू इथे होतास तेव्हाही तळघरातच होतास," ते मी रागाने बोलले. तू बुटाची नाडी बांधत होतास. नाडी बांधायला एवढा वेळ लागत नाही.

खरं म्हणजे तळघरातूनच तू मला सगळ्यात जास्त भेटायचास. तुकड्याची वरची बाजू कळावी म्हणून मी टाका घालायची, आखूड दोरा वर, लांब दोरा बाजूला. आख्ख्या हॉस्पिटलात डावखुरी मी एकटीच, त्यामुळे माझा फास सगळ्यांच्या उलटा. तू नंबर न बघता ओळखायचास. खालून फोन यायचा, "आज टाका घट्ट बसलाय. जेवली नाहीस का?" वीस वर्षं माझ्या रागालोभाची बातमी तुला दोऱ्यावरून कळत आली.

म्हणूनच ट्रायलमध्ये टाका बंद, शाईचे रंग चालू. वर निळा, बाजूला पिवळा, सातही ठिकाणी तेच. हे कलम मी स्वतः लिहिलं. मलाच ठाऊक होतं ना, की माझा दोरा दिसला तर तुझ्या डोळ्यावरची पट्टी गेलीच. बाकीच्या सहा सर्जनांना वाटलं, काय ही बाई, दोऱ्यालासुद्धा सोडत नाही.

बाई, यात नमुन्यांबद्दल काहीही नाही. जुन्या गोष्टी आहेत.

तुझी,
वरच्या मजल्यावरची


११ एप्रिल

तळघरवाल्या,

आज ऑपरेशन होतं. त्याबद्दल लिहायची परवानगी नाही. पेशंटने भूल देण्याआधी जे विचारलं ते लिहिते, ते तर कुणीही विचारेल. ती मुलांना पोहायला शिकवते. खांदे असे, की टेबल लहान वाटावं. म्हणाली, "डॉक्टर, चमकलं तर चांगलं की वाईट?"

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण असं कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चमकलं तर आपल्याला दिसेल. न दिसण्यापेक्षा ते बरं." ती म्हणाली, "मग चमकू दे," आणि आकडे मोजत झोपली.

पुढचं लिहिता येत नाही. तेव्हा हवामान. इथे फार उकडतंय.

तुझ्या टेबलाशी उजेड नीट आहे ना? डबे तू स्वतःच उघडतोस, की कुणी मदतनीस आहे? सहज विचारलं.

आईंनी आज तुझ्या जुन्या शर्टांची बटणं लावली. घालणारा इथे नाही, मी म्हटलं. म्हणाल्या, "बटणांना कुठे माहीत आहे?"

तुझी,
वरच्या मजल्यावरची


३० एप्रिल

कार्डसुद्धा नाही. तिथलं हवामानही संपलं की काय?

आज मी हॉस्पिटलातून परत येताना तुझ्या प्रयोगशाळेच्या जिन्याने खाली उतरले. काही काम नव्हतं. तिथे आता वाकून बसणारी एक मुलगी आहे. चांगली आहे असं म्हणतात. तिने मला बघून उठायला सुरुवात केली, मी म्हटलं बस. तिथला वास तोच आहे, तू घरी आणायचास तो. मी आयुष्यभर त्या वासावरून तुझ्याशी भांडले. आंघोळ केल्याशिवाय जवळ येऊ नकोस म्हणायची. आज तिथे उभी राहून तो वास छातीभर घेत होते, आणि ती मुलगी विचारत होती, "मॅडम, काही हवं होतं का?"

हवं होतं. तू हवा होतास. दुसरं काही नाही.

बाई, हा कागद तुम्ही वाचलात तरी माझी हरकत नाही. माझ्या वयाला आता लाज पुरत नाही.


९ मे

तळघरवाल्या,

आज मोजपट्टीबाई आल्या होत्या. नेहमीप्रमाणे पर्समधून मोजपट्टी काढून कॅमेऱ्याचं अंतर मोजतील म्हणून मी थिएटर उघडून ठेवलं. त्या आत गेल्याच नाहीत. सर्जनच्या खोलीत बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, "एक नमुना वाचकाने परत केलाय. त्यात दोरा होता."

मी कपातला चमचा काढून बशीत ठेवला.

"त्यांनी डबा उघडला, बघितलं आणि झाकण लावलं," बाई म्हणाल्या. "लगेच मला फोन केला. म्हणाले, हा मला वाचता येणार नाही, कुणी कापलाय ते कळलंय. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, टाका डावखुरा आहे."

"आणि त्या पेशंटचं?"

"तिचं काही अडलं नाही. ट्रायलबाहेरच्या वाचकाने वाचलं, रिपोर्ट तिच्या फायलीत लागेल. फोनवरच मी वाचकांना म्हटलं, डबा जसाच्या तसा पाठवून द्या. हो म्हणाले, पण फोन ठेवेनात. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, दोरा मी ठेवून घेतला तर चालेल का?"

बाईंनी उगाचच चष्मा पुसला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार? नाही म्हटलं. दोरा नमुन्याचा भाग आहे. इतकी वर्षं हे काम करते हो, पण असलं मला कुणी विचारलं नव्हतं."

मग त्यांनी चहा संपवला आणि कामाचा आवाज काढला. "आता तुम्हाला विचारते. रक्तस्राव झाला, घाई होती, हात सवयीने गेला. असंच झालं ना? असं असेल तर एक नमुना बाद, तुम्हाला समज, आणि पुढे चालू. अशा चुका साती ठिकाणी होतात."

दार सताड उघडून दिलं होतं त्यांनी. मी नुसती मान हलवायची. ही ट्रायल मी आठ वर्षं उरापोटावर वाढवली, दिव्यांपासून शाईपर्यंत एकेका गोष्टीसाठी सहा सर्जनांशी डोकं फोडून घेतलं. एका मानेच्या हलवण्याने ती माझ्याकडेच राहत होती.

मी म्हटलं, "नाही. असं नाही झालं."

मग बाईंना सांगितलं ते तुलाही सांगते. एप्रिलच्या त्या ऑपरेशनला रक्त आलं होतं हे खरं. तुकडा चिमट्यातून निसटत होता म्हणून हाताने आपोआप टाका घातला, हेही खरं. तिथपर्यंत सवय. पण सिस्टरांनी पाहिलं, "मॅडम, दोरा" म्हणाल्या, आणि कात्री पुढे केली. कात्री माझ्या बोटांना लागली होती. मी म्हटलं, "राहू दे."

"का?" बाईंनी विचारलं.

"त्याला कळावं म्हणून."

"काय कळावं?"

"मी आहे, एवढंच."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "हे मला लिहावं लागेल."

मी म्हटलं, लिहा. तुझी चूक मी पडद्यावर लावली होती, अक्षरं मोठी करून. आता माझ्या वेळी "हात सवयीने गेला" म्हणून सटकले असते तर आरशात तोंड कसं पाहिलं असतं? तुझी चूक तर चूकही नव्हती. तू खरंच जास्त बघत होतास, कारण माझ्यावर तुझा विश्वास होता. मी मात्र जाणूनबुजून दोरा ठेवला. आणि तू झाकण लावलंस. तुझ्या जागी मी असते तर लावलं असतं का, खात्री नाही.

कमिटीचं ठरेल ते ठरेल. पण तू दोरा मागितलास. हे वाक्य मी आज दिवसभर तोंडात धरून हिंडते आहे. पेशंट तपासताना, हात धुताना, आईंना औषध देताना. आईंनी विचारलं, "काय गं, दात दुखतोय का?"

तुझी,
वरच्या मजल्यावरची


२६ मे

तळघरवाल्या,

ठरलं. ट्रायलमधलं ऑपरेशन यापुढे मी करायचं नाही, त्याच्या याद्या बघायच्या नाहीत, बैठकांना बसायचं नाही. इथलं केंद्र धाकटीकडे. तुला बदला असं कुणीतरी सुचवलं, मिशीवाल्याने नव्हे, त्याने तर म्हणे माझी बाजू घेतली, जगबुडी जवळ आली असणार. पण वाचक बदलला तर सगळं पहिल्यापासून वाचावं लागेल, म्हणून तू राहायचास आणि मी जायचं. योग्य आहे. मी कमिटीत असते तर मीही तेच केलं असतं, शिवाय वर चार शब्द सुनावले असते.

आज धाकटीचं पहिलं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. दाराच्या आतून तिचा आवाज आला, "झालं." मोठ्याने, न अडखळता. मग दाराच्या काचेतला उजेड गेला, अंधार झाला. आत काय चमकलं, काही चमकलं का, हे मला कळणार नाही, विचारायचंही नाही. मला वाटलं होतं जीव तुटेल. तुटला थोडा. मग कुणाच्या लक्षात यायच्या आत उठून वॉर्डात गेले.

या पत्राची प्रत काढायला गेले आणि आठवलं, आता प्रत लागत नाही. तरी विचारावं म्हणून बाईंना फोन केला. म्हणाल्या, "आता नाही लागत. तुम्ही ट्रायलमध्ये नाही, तुमचे नमुनेही वाचून झाले, तेव्हा एकत्र न राहण्याची अटही उठली. त्यांना कळवलंय मी." मग म्हणाल्या, "पुढे काय होतं ते मात्र सांगा हं. तुमच्या पत्रांची सवय झालीय मला."

अट उठली. फोन ठेवला आणि पत्र पुढे लिहायला बसले.

खरं सांगू? तो नियम होता तोवर मला बरं होतं. तू येत नव्हतास ते नियमामुळे. तू दोन ओळी लिहायचास त्याही नियमामुळे. आईंना नियम सांगितला, शेजारणीला नियम सांगितला, उशीवरच्या मासिकांनाही तोच सांगितला. आपल्यात काय उरलंय हे बघायची वेळच नियमाने येऊ दिली नाही, आणि मला ते सोयीचं होतं, बहुतेक तुलाही. आता आड काही नाही. आता तू आला नाहीस, तर तू आला नाहीस.

दोरा मागणारा माणूस येईल, असं मन म्हणतं. पण वाक्य पुरं व्हायच्या आत वर गेलेला तो हातही मला दिसतो. मला कुठलं खरं ते माहीत नाही, आणि ते बघायला माझ्याकडे कुठलाच कॅमेरा नाही. म्हणून साध्या उजेडात विचारते. तू मला हवा आहेस. इथे, घरात, त्या वासासकट, आंघोळीच्या आधी आलास तरी चालेल. दर आठवड्याला ये, महिन्याने ये, नाहीतर मला तिकडे बोलाव, मी येते. यायचं नसेल तर तसं लिही, पण तुझ्या हाताने लिही, आणि हवामान लिहू नकोस.

संध्याकाळी आईंना सांगितलं, नियम संपला. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मग आता काय सांगायचं, तो का येत नाही म्हणून?"

मी म्हटलं, "त्यालाच विचारलंय."

त्या उठून आत गेल्या आणि बटणं लावलेला एक शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.

तुझी